सोळावी फेरी

उधाणाच्या सकाळी थोरल्याने पाणी घ्यायची आपली पाळी नसताना खाडीकडचं दार उघडलं, आणि धाकट्या भावाच्या तीन वाफ्यांतलं तयार मीठ दुपारच्या आत पाणी होऊन गेलं. ओढायला फक्त दोन दिवस राहिले होते. चाळीस दिवस उन्हात डोळे जाळून जपलेला बोटभर जाडीचा थर होता तो. दोघांच्या वाफ्यांमधला बांध फुटला आणि त्या पांढऱ्यावर गढूळ पाणी सावकाश पसरत गेलं. ना आवाज, ना खळखळ.

धाकट्याची बायको तेव्हा पलीकडच्या लांब बांधावर होती. शाळेत ती खेळाची बाई, तीही अर्ध्या वेळेची. सकाळी मुलींना पळवायचं, मग शाळा, आणि शाळा सुटली की पदर खोचून नवऱ्याबरोबर वाफ्यात उतरायचं. गाव तिला बाईच म्हणायचं. नवराही चारचौघांत बाईच म्हणायचा आणि घरात काहीच हाक मारायचा नाही, नुसता खोकायचा. शाळेला मैदान नव्हतं, म्हणून मुली मिठागराच्या बांधावर पळायच्या. तिथूनच तिने पाणी चढताना पाहिलं आणि ती सुसाट सुटली. मुंगी म्हणून एक पहिलीतली चिमुरडी होती, ती पुढे आठ दिवस सगळ्यांना सांगत होती, "आपल्या बाईंना पण पळता येतं!"

बाई पोचली तेव्हा वाफ्यात घोटाभर पाणी होतं. नवरा हातात लाकडी फावडं धरून नुसता उभा होता. थोरला बांधावर कमरेवर हात ठेवून उभा.

"भावोजी, पाळी आमची होती," बाई म्हणाली. तिला धाप लागली होती.

"भरतीला कोण अडवणार?" थोरला म्हणाला. "आणि बांध कच्चा ठेवला कुणी? मी?" मग तो तिच्याशी बोलायचा थांबला आणि भावाकडे वळला. "तुझ्या बायकोला दुसऱ्यांच्या पोरी पळवायला वेळ आहे, स्वतःचा बांध थापायला नाही. काय रे? खोटं बोलतोय मी?"

आजूबाजूच्या वाफ्यांतले आठ-दहा जण फावडी टेकून ऐकत होते. त्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"नाही, दादा," नवरा म्हणाला.

चोर तो चोर आणि वर शिरजोर, हे एक वेळ बाईने गिळलं असतं. पण नवऱ्याचं ते 'नाही, दादा' तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. तिथून पुढे ती थोरल्याला पाण्यात पाहू लागली. समोर आला की डोक्यावर पदर घ्यायची, वाट सोडायची, 'चहा घेणार का भावोजी' विचारायची, आणि मनात म्हणायची, तुझाही दिवस येईल.

वाफे पुन्हा धरायचे म्हणजे तळ नव्याने चोपायचा. पाणी काढायचं, गाळ खरवडायचा आणि अर्धवट ओल्या मातीवर नवरा-बायकोने शेजारीशेजारी उभं राहून टाचांनी जमीन दाबत जायचं. इंच इंच. टाचांना भेगा पडायच्या, भेगांत खारं पाणी जायचं, आणि संध्याकाळी खाटेच्या काठावर बसून दोघं तेलाचा बोळा लावायची. बांधापलीकडे थोरल्याचं मीठ ढिगाने वाढत होतं. त्याची बायको आणि मुलगी पाट्या भरून डोक्यावरून नेत असायच्या आणि पाट्यांतलं खारं पाणी त्यांच्या मानेवरून पाठीत उतरत असायचं.

ही थोरल्याची मुलगी म्हणजे टिटवी. वय चौदा, पाय काड्यांसारखे लांब, आणि बांधावरून पळायला लागली की टिटवीच उडाली म्हणायची. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. बाईने तिला दुसरीपासून पळवलं होतं. घरी ती 'काकू, तू' म्हणायची आणि बांधावर पाय ठेवला की 'बाई, तुम्ही'. हे तिचं तिनेच ठरवलं होतं. टाळूवर पाटी टेकते तिथले तिचे केस झडायला लागले होते. बाईचे कधीच झडले होते, टिटवीच्या आईचेही. खाडीकाठच्या सगळ्या शाळांची मिळून शर्यत होणार होती, आणि पहिल्या येणाऱ्या एकाच मुलीला शहरातल्या खेळाच्या वसतिगृहात घेणार होते. राहणं, जेवण, बूट, शिक्षण, सगळं तिथलं. दुसरीला एक पेला आणि टाळ्या. टिटवी पहिली आली तर तिची पाटी सुटणार होती. नाही आली तर पुढल्या वर्षी वय उलटून जाणार होतं.

ती पहिली येणार यात कुणालाच शंका नव्हती. थोरला तर आत्तापासूनच वसतिगृहात राहायला गेल्यासारखा बोलायचा.

बांधावर बाईचे नियम होते आणि ते तिने मुलींच्या हाडात भिनवले होते. कोपर मारायचं नाही. मागून जोरात येणारीला वाट द्यायची. शेजारची पडली तर उचलायची, मग पळायचं. हरलीस तर आधी जिंकणारीचा हात हातात घ्यायचा, रडायचं ते नंतर घरी जाऊन. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सुताराची मुलगी वळणाच्या खुंटाला वळसा न घालता अलीकडूनच फिरली आणि पहिली आली. तिच्या मैत्रिणीने ते पाहिलं होतं, पण ती बोलली नाही. बाईने दोघींना पळायला लावलं, आणि मैत्रिणीला दोन फेऱ्या जास्त.

"मी काय केलं, बाई?" मैत्रीण रडकुंडीला आली.

"ती चुकली. तू गप्प बसलीस. चुकणाऱ्याला माफी आहे, दिसत असून गप्प बसणाऱ्याला नाही."

मुलींनी माना डोलावल्या. टिटवीने तर जोरात डोलावली. बाईला असं काही बोलून झालं की बरं वाटायचं, दिवस सत्कारणी लागल्यासारखं.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत दोन शाळांच्या मास्तरांची फेऱ्यांवरून हातघाई झाली होती. म्हणून यंदा नियम आला, की मास्तरांनी दोरीच्या मागे राहायचं आणि प्रत्येक मुलीच्या फेऱ्या तिच्या घरच्या माणसाने रेषेपाशी उभं राहून मोजायच्या. दर फेरीला किती राहिल्या ते ओरडून सांगायचं. पंचाकडे त्याचा वेगळा कागद असणार, पण पंच मध्ये कुणाला काही सांगणार नाही. मैदान छोटं, फेऱ्या पंधरा.

थोरला नवं धोतर नेसून रविवारी बांधावर हजर झाला. "मी मोजणार. बापाशिवाय कोण मोजणार?"

त्याने खाडीच्या कडेचे पंधरा शिंपले वेचून उजव्या मुठीत धरले. मुलगी फेरी मारून आली की एक शिंपला डाव्या मुठीत, उजवीत उरले तेवढ्या फेऱ्या बाकी. पाट्या मोजायची मिठागरातली हीच रीत. टिटवी सुटली. पहिली फेरी मारून ती बापासमोरून वाऱ्यासारखी गेली. थोरल्याने शिंपला हलवला नाही.

बाईने ते पाहिलं.

मिठागरात पहिली पाटी मोजत नाहीत. ढिगाच्या वरच्या मिठातून पाणी झिरपत असतं, तूट येते, म्हणून पहिली पाटी झिरपणीची. ती व्यापाऱ्याला तशीच जाते, आणि मोजणी दुसरीपासून सुरू होते. थोरल्याने चाळीस वर्षं तसंच मोजलं होतं आणि त्याच्या बापाने त्याच्याआधी तसंच. त्याच्या हाताला ठाऊक होतं की पहिलीला मूठ उघडायची नाही, आणि हाताने डोक्याला विचारलंसुद्धा नाही. टिटवी सोळा फेऱ्या पळाली. बांधावर कोण मोजतंय! थोरला "पंधरा!" म्हणून ओरडला, मुलगी थांबली, सगळे खूश.

बाईच्या ओठांवर शब्द आला होता. 'भावोजी, पहिली पण धरायची असते.' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात थोरला तिच्याकडे बघून म्हणाला, "बघितलंस? तुम्ही मास्तर लोक उगाच बाऊ करता. यात शिकवण्यासारखं आहे काय?"

बाईने ओठ मिटले. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मग, का कोण जाणे, एकदम थंड झाली. तिला तिचा दिवस सापडला होता. काही करायचं नव्हतं. कुणाचा बांध फोडायचा नव्हता, चोरून दार उघडायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

शर्यतीला तीन दिवस होते. ते तीन दिवस बाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. सोमवारी ती वाफ्यात टाचा मारत होती आणि प्रत्येक टाचेला मनात म्हणत होती, सांगू नकोस, सांगू नकोस. मुलीचं काय, असा विचार यायचा. तो आला की ती 'नाही, दादा' आठवायची, ते फिसकन हसणं आठवायची, मग विचार मुकाट निघून जायचा. तिची पाटी सुटावी आणि माझी सुटू नये का? माझं मीठ गेलं तेव्हा कुणाला माझं वाटलं? मुलगी त्याची आहे. त्याचं जे जे आहे, त्यातलं काहीतरी त्याच्याच हाताने पाण्यात जाऊ दे.

मंगळवारी जाऊबाई आली. थोरल्याची बायको वाईट नव्हती. वाटीभर तेल घेऊन आली, बाईच्या टाचा पाहून हळहळली, आणि जाता जाता दारात थांबली.

"एक सांगू का गं? ह्यांना तेवढं मोजायचं नीट समजावून सांग. जन्मभर पाट्या मोजल्या, फेऱ्या कधी मोजल्यात? मला धाकधूक वाटते."

बाईने तेलाची वाटी फळीवर ठेवली. तिची पाठ जावेकडे होती.

"पाट्या मोजणाऱ्याला फेऱ्या काय अवघड, जाऊबाई?"

"तू म्हणतेस तर मग बरं," जाऊबाई म्हणाली आणि निश्चिंत मनाने गेली. नवरा कोपऱ्यात फावड्याचा दांडा घासत बसला होता. त्याने एकदा मान वर करून बायकोकडे बघितलं, खोकला, आणि पुन्हा घासू लागला.

शर्यतीच्या दिवशी सकाळीच ऊन तापलं होतं. मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ, दोरीच्या मागे माणसांची गर्दी, रेषेपाशी मोजणारे अकरा जण. कुणाच्या हातात खडू, कुणाच्या हातात मणी, थोरल्याच्या मुठीत शिंपले. पंच शहरातून आलेला, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. बाई दोरीला लागून उभी राहिली. मुंगी आणि बाकीच्या मुली तिच्या भोवती. टिटवी रेषेवर जाण्याआधी येऊन तिच्या पाया पडली.

"बाई, काय लक्षात ठेवू?"

"वळणावर घाई करू नकोस," बाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

शिट्टी झाली. पहिली फेरी संपली. थोरल्याची मूठ उघडली नाही.

पाचव्या फेरीला चौघी मागे पडल्या, नवव्या फेरीला आणखी तिघी. बाराव्या फेरीला पुढे दोघीच उरल्या, टिटवी आणि पलीकडच्या शाळेतली एक उंच मुलगी. टिटवी तिच्या खांद्यामागे चिकटून सहज पळत होती. श्वास नाकाने चाललेला, खांदे सैल. अजून तिने जोर काढलाच नव्हता. शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवायचा, हे बाईनेच शिकवलं होतं. बाई बोटांवर मोजत होती. ती नेहमीच मोजायची, आणि तिची मोजणी कधी चुकत नाही हे तिच्या सगळ्या मुलींना माहीत होतं.

चौदावी फेरी संपली. उंच मुलीची आई रेषेपाशी उडी मारून ओरडली, "शेवटची! शेवटची!"

"दोन!" थोरला ओरडला. "अजून दोन!"

टिटवीने दोन्ही ऐकलं. बाईला ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पाय पळतच राहिले, पण मान वळली. बापाकडे नाही, दोरीकडे. गर्दीत तिने बाईचा चेहरा शोधला आणि तिला तो सापडला. एक की दोन? एवढंच विचारत होते तिचे डोळे. बाईने एक बोट जरी वर केलं असतं तरी पुरलं असतं.

बाई खाली वाकली आणि चपलेचा पट्टा नीट करू लागली.

पट्टा नीटच होता. ती उठली तेव्हा उंच मुलगी जीव तोडून सुटली होती आणि टिटवीने तिला जाऊ दिलं होतं. वीस पावलं, तीस पावलं. ही वेडी आत्ताच दमणार, असं म्हणत असेल मनात. ती आपली शहाण्यासारखी जोर राखून पळत राहिली. उंच मुलगी रेषा ओलांडून आईच्या गळ्यात पडली. शिट्टी वाजली. टिटवी दुसरी आली, पण थांबली नाही. थोरला "एक! आता सोड! सोड आता!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडला आणि टिटवी सुटली.

तशी ती कधीच पळाली नव्हती. रिकाम्या मैदानावर एकटीच, केस उडताहेत, पाय जमिनीला लागताहेत की नाही कळत नाही. आधी गर्दी गप्प झाली, मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळं मैदान हसायला लागलं. "अगं, संपली की! थांब! कुठं निघालीस, घरी?" तिला ते ओरडणं टाळ्यांसारखं ऐकू आलं असावं. ती दोन्ही हात वर करून रेषेवर आली आणि समोर हार घातलेली उंच मुलगी दिसली.

थोरला पंचाच्या अंगावर धावून गेला. "पंधरा झाल्या आत्ता! हे बघा!" त्याने डावी मूठ उघडली. "मोजा! पंधरा!"

पंचाने कागद पुढे धरला. "सोळा पळाली तुमची मुलगी. पहिल्या फेरीला शिंपला हलवला होतात?"

"पहिली कशी धरणार? पहिली झिरपणीची..." थोरला म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पंचाला काहीच कळलं नाही. पण भोवती उभे होते ते सगळे मिठागरातलेच. एकाने दुसऱ्याकडे बघितलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्याच्या हातातले शिंपले एकेक करून खाली पडले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. बाईने तो चेहरा डोळे भरून पाहिला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली होती ते हेच, आणि खोटं कशाला बोला, गोड लागलं. फार गोड लागलं.

थोरल्याची नजर तिच्यावर पडली. "तू इथंच होतीस! तुला कळलं नाही? तू खेळाची बाई ना?"

बाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भरतीला कोण अडवणार, भावोजी?"

थोरल्याला ते बरोबर कळलं. त्याने मान खाली घातली. चारचौघांत त्याची मान खाली गेलेली गावाने पहिल्यांदाच पाहिली.

पण ते फक्त थोरल्यालाच कळलं असं नाही. टिटवी पाठीमागे उभी होती, छाती भात्यासारखी हलत होती. तिने एकदा बाईकडे बघितलं, एकदा तिच्या चपलांकडे. मग ती गेली, उंच मुलीचा हात हातात घेतला, आणि परत आली. डोळे कोरडे होते.

येताना सगळे एकाच टेम्पोत होते. थोरला पुढे चालकाशेजारी, मुली मागे उभ्या, बाई कडेला दांडा धरून. गाव जवळ आलं तशी टिटवी सरकत सरकत तिच्यापाशी आली.

"बाई, तुम्हाला माहीत होतं ना? एकच राहिली होती म्हणून."

बाई रस्त्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगता आलं असतं. ऊन डोळ्यांवर होतं, गर्दी होती, मोजायचं राहिलं. पण त्या डोळ्यांपुढे तिला खोटं सुचेना.

"होतं."

"आजच कळलं?"

"रविवारी."

टिटवीने मान हलवली. सुताराची मुलगी, तिची मैत्रीण, मुंगी, सगळ्या ऐकत होत्या. टेम्पो थांबला तशा एकेक उतरून आपापल्या घरी गेल्या.

नवऱ्याला ही बातमी बाईच्या आधी पोचली होती. तो खाटेवर बसला होता.

"मानही खाली गेली त्याची," बाई चप्पल काढत म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुम्ही नव्हता म्हणून, नाहीतर..."

"मीठ पुढल्या महिन्यात धरेल आपलं," नवरा म्हणाला. "पोरीला पुढलं वर्ष नाही."

एवढं बोलून तो उठला आणि फावडं घेऊन बाहेर गेला. बाईला त्याचा संताप आला. तेव्हा जीभ कुठे गेली होती तुझी, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण तो लांब गेला होता, आणि खोलीत ओरडायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली बांधावर येणार नाहीत असं बाईला वाटलं होतं. सगळ्या आल्या. टिटवीही आली, चुंबळ काखेत मारून, कारण पळून झालं की तिला पाट्यांवर जायचं होतं. बाईचा जीव भांड्यात पडला. तिने नेहमीसारखी टाळी वाजवली.

"चला, रांगेत. आज सहा फेऱ्या."

"बाई," टिटवी म्हणाली. आवाजात राग नव्हता, उद्धटपणाही नव्हता. "तुम्ही मोजू नका. आमचं आम्ही मोजतो."

बाईने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्या मुकाट उभ्या होत्या, म्हणजे आधीच ठरलं होतं. तिने टाळी वाजवली आणि त्या सुटल्या. वळणावरच्या खुंटापाशी आली की प्रत्येक मुलगी आपला आकडा मोठ्याने म्हणायची. एक. एक. एक. मग दोन. सगळ्या मिठागरात ते आकडे ऐकू जात होते. वाफ्यांतली माणसं फावडी टेकून बघू लागली. पलीकडच्या ढिगापाशी थोरला पाठ करून उभा होता आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मुंगी सगळ्यांच्या मागून येत होती. तिला मोजता यायचं, पण पळता पळता गोंधळायची. खुंटापाशी येऊन ती थबकली आणि बोटं उलगडून बघायला लागली.

"चार झाल्या गं तुझ्या," बाई न राहवून म्हणाली. "दोन राहिल्या. पळ."

चारच झाल्या होत्या. मुंगीने बाईकडे पाहिलं, मग मान वळवून पुढे गेलेल्या टिटवीला हाक मारली.

"ताई, माझ्या खरंच चार झाल्या?"